बुडणाऱ्याच्या जवळ कोण होतं



घाटमाथ्यावरच्या किकवीसारख्या गावात व्याख्यानाला समुद्राचा विषय का, असं काहींच्या मनात आलं असेल. आपल्या शिवारातलं पाणी नीरेला मिळतं, नीरा भीमेला, आणि ते पाणी थेट पूर्वेच्या समुद्राला जातं. पण आपलं येणंजाणं मात्र पश्चिमेच्या समुद्राशी. वरंधा घाट उतरला की महाड, आणि महाडची सावित्री बाणकोटच्या खाडीला. मीठ, सुकट, बोंबील याच वाटांनी बैलांच्या पाठीवरून वर आले. समुद्र आपण पाहिला कमी, पण त्याचं खाल्लं पिढ्यान्‌पिढ्या. शिवाय गेल्या काही वर्षांत ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. एवढ्याशा गोळ्याची कोटींची किंमत छापून येते. ती वस्तू म्हणजे अंबर, आणि ते तयार होतं स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात. त्याचा व्यापार आपल्या कायद्यानं गुन्हा आहे. आज ज्या जहाजाची गोष्ट सांगायची आहे ते बुडवलं याच जातीच्या देवमाशानं.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. समुद्रात बुडणारा माणूस वाचतो तेव्हा आपण त्याच्या हिमतीचं कौतुक करतो. ते करावंच. पण तो वाचला की नाही हे बहुतेक वेळा ठरतं त्याच्या जवळपास कोण होतं यावर, आणि त्या माणसांबद्दल त्याच्या मनात काय होतं यावर. दोन जहाजं सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

पहिलं जहाज ‘एसेक्स’. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या नँटकेट बेटावरचं. हे बेट त्या काळी देवमाशांवर जगत होतं. देवमासा मारायचा, जहाजाला बांधून त्याची चरबी सोलायची, जहाजावरच भट्ट्या पेटवून ती कढवायची आणि तेलाची पिंपं भरायची. त्या तेलावर शहरांतले दिवे आणि किनाऱ्यावरची दीपगृहं जळत. स्पर्म व्हेलच्या डोक्यातल्या मेणचट द्रवाच्या मेणबत्त्या तर सगळ्यांत उंची समजल्या जात. जमिनीतून खनिज तेल काढायला सुरुवात व्हायला अजून चाळीस वर्षं होती. सफर दोन-दोन, तीन-तीन वर्षांची असे. एसेक्स १२ ऑगस्ट १८१९ रोजी निघालं. कप्तान जॉर्ज पोलार्ड तिशीच्या आतला, कप्तान म्हणून त्याची ही पहिलीच सफर. पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा मुख्य अधिकारी, ओवेन चेस. केबिनबॉय टॉमस निकरसन अवघा चौदा वर्षांचा.

२० नोव्हेंबर १८२०. प्रशांत महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताजवळ, दक्षिण अमेरिकेपासून सुमारे दोन हजार सागरी मैल पश्चिमेला देवमाशांचा कळप दिसला. होड्या खाली सोडल्या. कप्तान आणि दुसरा मेट आपापल्या होडीतून शिकारीला लागले. चेसची होडी शेपटीच्या फटक्यानं फुटली म्हणून तो जहाजावर परतून ती दुरुस्त करत होता. तेवढ्यात एक प्रचंड नर देवमासा जहाजासमोर येऊन थांबला. चेसच्या अंदाजानं तो पंच्याऐंशी फूट लांब होता, म्हणजे जवळजवळ जहाजाएवढाच. तो सरळ चाल करून आला आणि त्यानं धडक दिली. धडकेनंतर तो काही वेळ जहाजाला लागूनच गुंगीत पडून होता. चेसला भाला मारता आला असता. पण माशाची शेपटी सुकाणूच्या अगदी जवळ होती. तिचा एक फटका बसून सुकाणू गेलं तर भर समुद्रात जहाज कसं वळवणार, या विचारानं त्यानं हात आवरला. मासा दूर गेला, वळला, आणि दुसऱ्यांदा नाळेवर आदळला. त्या धडकेत जहाजाचा पुढचा भाग फुटला आणि थोड्याच वेळात ते कलंडलं.

चेसनं हात आवरला हे चुकलं का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. मला ती निरर्थक वाटते. त्या क्षणी त्याला जे दिसत होतं त्यावरून त्यानं घेतलेला निर्णय शहाणपणाचाच होता. खरी चूक नंतर झाली, आणि ती सगळ्यांनी मिळून, विचारविनिमय करून केली.

वीस माणसं, तीन होड्या. बुडत्या जहाजातून त्यांनी कडक जहाजी बिस्किटं, पाण्याची पिंपं, गालापागोस बेटांवरून आणलेली काही जिवंत कासवं आणि दिशा काढायची उपकरणं काढून घेतली. फळ्या ठोकून होड्यांच्या कडा उंच केल्या, शिडं उभारली. मग प्रश्न आला, जायचं कुठे? नकाशावर सर्वांत जवळची होती मार्केसास बेटं, पश्चिमेला, वाऱ्याच्या दिशेनं. त्यापुढे सोसायटी बेटं, म्हणजे ताहिती आणि आसपासची. पोलार्डचं मत होतं सोसायटी बेटांकडे जावं. पण नरमांसभक्षक बेटकऱ्यांच्या गोष्टी खलाशांनी बंदराबंदरांत ऐकल्या होत्या. दोन्ही मेटांनी विरोध केला आणि पोलार्डनं त्यांचं ऐकलं. वास्तविक ताहितीला तेव्हा ख्रिस्ती मिशनऱ्यांचं ठाणं होऊन वीसहून अधिक वर्षं झाली होती. ती वार्ता या खलाशांपर्यंत पोचलेली नव्हती, पोचल्या होत्या त्या फक्त भीतीच्या गोष्टी. त्यांनी ठरवलं, की आधी खाली दक्षिणेकडे जायचं आणि अनुकूल वारे धरून दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागायचं. त्या वाटेनं प्रवास कित्येक हजार मैलांनी वाढत होता.

पुढचे तीन महिने कसे गेले ते चेसनं १८२१ सालीच पुस्तक लिहून सांगितलं. माणशी दिवसाला अर्धा पाइंट पाणी, म्हणजे आपल्या मापानं पाव लिटरच्या आत-बाहेर. वर विषुववृत्ताकडचं ऊन. एका रात्री लाटांचं पाणी होडीत शिरून बिस्किटं भिजली. ती वाळवली तर पाणी गेलं, मीठ राहिलं. भूक लागली म्हणून ती खायची, आणि खाल्ली की तहान दुप्पट व्हायची. समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग मीठ असतं. आपलं मूत्रपिंड इतकं दाट मीठ लघवीतून बाहेर टाकू शकत नाही. ते बाहेर काढायला शरीर स्वतःचंच पाणी खर्च करतं. म्हणून चहूकडे पाणी असताना माणूस तहानेनं मरतो, आणि खारं बिस्किट खाऊनही तेच होतं.

२० डिसेंबरला त्यांना हेंडरसन बेट लागलं. निर्मनुष्य. पक्षी होते, अंडी होती, खेकडे होते, पण गोडं पाणी सापडेना. शेवटी एका खडकाच्या फटीतून झरा दिसला. तो भरतीच्या रेषेच्या खाली होता, म्हणजे ओहोटी लागली की काही वेळ गोडं पाणी हाती येई आणि भरती आली की झरा समुद्राखाली जाई. वीस माणसांनी आठवड्याभरात बेटावरचं खाण्याजोगं जवळजवळ सगळं संपवलं. सतरा जण पुन्हा होड्यांत बसले. तिघे म्हणाले, आम्ही इथेच राहतो.

त्यानंतर होड्यांची चुकामूक झाली. माणसं मरू लागली. आधी मेलेल्यांना समुद्रात सोडलं, पण पुढे उरलेल्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. बेटावरची माणसं आपल्याला खातील या भीतीनं जे लांबच्या वाटेला लागले, त्यांच्यावर आपल्याच सोबत्यांना खायची वेळ आली. पोलार्डच्या होडीत तर मेलेलंही कोणी उरलं नाही तेव्हा कोणाला मारायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली ओवेन कॉफिनची. वय अठरा. पोलार्डचा मावसभाऊ. निघताना मावशीला पोलार्डनं शब्द दिला होता, की मी याची काळजी घेईन. तुझ्याऐवजी मी, असं पोलार्ड म्हणाला. पोरानं ऐकलं नाही. गोळी झाडायची चिठ्ठी निघाली ती कॉफिनच्याच मित्राची.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जहाजावर अनेक काळे खलाशी होते. होड्यांत पहिल्यांदा ज्यांचे देह खाल्ले गेले ते चौघेही काळे होते, आणि वाचलेल्या आठ जणांत काळा एकही नाही. त्यांना मुद्दाम मारलं असा पुरावा नाही. पण जहाजावर पुढच्या भागात राहणाऱ्या, हलकं अन्न खाणाऱ्या माणसांची शरीरं आधीच खंगलेली असणार, हे उघड आहे. लॉसन टॉमस, चार्ल्स शॉर्टर, आयझाया शेपर्ड, सॅम्युएल रीड ही त्यांची नावं. एसेक्सच्या गोष्टीत कप्तान आणि मेट सगळ्यांच्या लक्षात राहतात, म्हणून या चौघांची नावं आज या सभेत मुद्दाम घेतली.

१८ फेब्रुवारी १८२१ ला चेसच्या होडीतले तिघे ‘इंडियन’ नावाच्या ब्रिटिश जहाजाला दिसले. पाच दिवसांनी पोलार्ड आणि त्याचा एक सोबती ‘डॉफिन’ या देवमासेमारीच्या जहाजाला सापडले. तिसरी होडी परत आली नाही. बेटावरच्या तिघांचं काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. पोलार्डच्या मंडळींनी नकाशा वाचण्यात चूक केली होती. आपण डूसी बेटावर होतो असं ते समजत होते, आणि वाचल्यावर त्यांनी तेच नाव सांगितलं. ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या ‘सरी’ जहाजाचा कप्तान टॉमस रेन वाट वाकडी करून डूसीला गेला. बेटावर कोणी नव्हतं. तिथून परत फिरला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. पण त्यानं विचार केला, की बिचाऱ्यांनी बेटाचं नाव चुकवलं असेल, आणि तो हेंडरसनला गेला. एप्रिल १८२१ मध्ये ते तिघे जिवंत सापडले. टॉमस रेनचं नाव एसेक्सच्या गोष्टीत एखाद्या ओळीपुरतं येतं. माझ्या मते या सगळ्या कथेत त्याच्याएवढा मोठा माणूस दुसरा नाही.

पोलार्डला पुन्हा जहाज मिळालं. १८२३ मध्ये तेही प्रवाळाच्या खडकावर फुटलं. मग त्याला कोणी कप्तान केलं नाही. उरलेलं आयुष्य त्यानं नँटकेटच्या गल्ल्यांतून रात्रीचा पहारा देण्यात काढलं. दर वर्षी २० नोव्हेंबरला तो खोलीत दार लावून बसे आणि दिवसभर उपास करी. चेस म्हातारपणी माळ्यावर खाण्याचे पदार्थ लपवून ठेवू लागला. हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ कादंबरी १८५१ मध्ये आली, तिच्या मुळाशी एसेक्सची ही हकिकत आहे. मात्र मेलव्हिलची गोष्ट जहाज बुडतं तिथे संपते, आणि एसेक्सची तिथून सुरू होते.

आता आपल्याकडे येऊ. कोकणच्या किनाऱ्यावरही आगबोटी बुडाल्या. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, एकाच दिवशी, वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी गेल्या. त्याआधी १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला येणारी ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शेकडो माणसांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचा सांगाडाही हाती लागला नाही. पण मराठी घरांत ज्या बोटीचं नाव अजून दबक्या आवाजात निघतं ती ‘रामदास’.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावस्या होती, गटारी. मुंबईत कामाला असलेली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातली माणसं घरी निघाली होती. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रामदास रेवसला जायला सुटली. दीड तासाचा प्रवास. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं. पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाजूचे कॅनव्हासचे पडदे सोडून घट्ट बांधलेले. जेमतेम अर्ध्या तासाची वाट संपली, काश्याच्या खडकाजवळ बोट पोचली, आणि वारा-पाऊस वाढला. एका मोठ्या लाटेनं बोट एका बाजूला झुकली. घाबरलेली माणसं एका अंगाला धावली, बोट आणखी कलली, पुढच्या लाटेनं पालथी झाली. पडद्यांच्या आतली माणसं बाहेरच पडू शकली नाहीत. सहाशेहून अधिक जीव गेले.

एसेक्सची माणसं किनाऱ्यापासून दोन हजार मैलांवर होती. रामदासच्या माणसांना मुंबईही लांब नव्हती आणि रेवसही. मे-जूनच्या उन्हानं तापलेलं आपलं पाणी जुलैतही उबदार असतं. ‘टायटॅनिक’च्या प्रवाशांना गोठवणाऱ्या पाण्यानं मिनिटांत संपवलं तसं इथे होत नाही, तरंगायला काही हाताशी असेल तर माणूस तासन्‌तास टिकू शकतो. म्हणजे वेळ होता आणि शहर जवळ होतं. पण बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. साडेआठ-नऊला बोट बुडाली आणि मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. कळलं तेही एक कोवळा मुलगा लाटांबरोबर वाहत गेटवेच्या बाजूला लागला आणि त्यानं सांगितलं म्हणून. बंदरात नौदल होतं, लाँच होत्या, टग होते. कोणालाच खबर नव्हती.

तोवर जी माणसं वाचली ती वाचवली कोणी? रेवसकडच्या कोळ्यांनी. त्यांच्या होड्या मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाल्या होत्या. वाटेत त्यांना पाण्यात माणसं दिसली. भरल्या होडीत माणूस घेता येत नाही, घेतला तर होडीच बुडते. तांडेलांनी मासळी समुद्रात लोटली. ती मासळी म्हणजे त्या घरांची ऐन पावसाळ्यातली कमाई होती. उसळत्या पाण्यात होडी आडवी होऊ न देता बुडणाऱ्याजवळ न्यायची, त्याला कडेवरून आत ओढायचं, आणि ओढताना होडी कलू द्यायची नाही, हे काम किती अवघड आहे ते ज्यांनी वल्ही हातात धरली आहेत त्यांना विचारा. अशी पाऊणशेच्या आसपास माणसं त्यांनी काढली, असं सांगतात. कोणाची जात विचारली नाही, गाव विचारलं नाही.

एसेक्सच्या खलाशांनी किनाऱ्यावरच्या अनोळखी माणसांची भीती धरली आणि मरणाची वाट निवडली. रामदासच्या माणसांना निवड करायला वेळच मिळाला नाही, पण जवळ जी अनोळखी माणसं होती त्यांनी हात दिला. आपल्याकडेही भाटघर धरणाच्या पाण्यात कोणी बुडालं की भोरमधून पहिली हाक भोई मंडळींना जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुणे-सातारा रस्त्यावर रात्री अपघात झाला तर रुग्णवाहिकेच्या आधी कोण पोचतं, तेही या गावाला ठाऊक आहे.

म्हणून सरकारनं, बोट चालवणाऱ्या कंपनीनं काहीच करायचं नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रामदासच्या माणसांना कोळ्यांनी वाचवलं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की बोटीवर एक यंत्र असतं तर शेकडो आणखी वाचले असते. कोळ्यांचा चांगुलपणा हा कोणाच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालायला वापरता येणार नाही.

आणि हे जुनं झालं असंही समजू नका. १७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याचा पी-३०५ हा बार्ज होता, त्यावर २६१ माणसं. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. बार्ज किनाऱ्याला आणला नाही. नांगर तुटले, तो वाहत जाऊन आदळला, त्याला भोक पडलं आणि संध्याकाळी तो बुडाला. वाचलेल्या कामगारांनी नंतर सांगितलं, की हवा भरायचे कितीतरी तराफे फाटलेले निघाले. लाइफ जॅकेट घालून, अंधारात, एकमेकांचे हात धरून कडं करून ते तरंगत राहिले; हात सुटला की माणूस लाटेबरोबर गेला. ‘आयएनएस कोची’ आणि नौदलाची इतर जहाजं त्या खवळलेल्या समुद्रात शिरली आणि १८० हून अधिक जणांना त्यांनी उचललं. सत्तरहून अधिक गेले. त्यांतले बरेचसे वेल्डर, फिटर, रंगारी, आचारी होते. पोहता न येणारेही होते.

एसेक्सच्या वेळी जगाला तेल हवं होतं, ते देवमाशाच्या डोक्यात होतं. आता ते समुद्राच्या तळाखाली आहे. माणसं पाठवली जातात, ती तशीच. देवमाशाची मात्र सुटका झाली. १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, १९८६ पासून बहुतेक देशांत व्यापारी शिकारीवर बंदी आहे. कोकणासमोरचं पाणीही त्या अभयारण्यात येतं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती माणसांनीच केली.

आपल्या भागातली मुलं आता मर्चंट नेव्हीत जातात, आयटीआय करून बार्जवर, रिगवर कामाला जातात. त्यांच्या आई-बापांना एक विनंती आहे. पोराला पोहायला शिकवाच. आणि निघताना सांगा, की जहाजावर पाय ठेवलास की पगाराची चौकशी नंतर कर. आधी डेकवर तराफ्याचा पांढरा गोल डबा बांधलेला असतो तो शोध. त्याची तपासणी दर वर्षी करावी लागते, आणि पुढच्या तपासणीची तारीख डब्यावर लिहिलेली असते. ती वाच. तारीख उलटून गेली असेल तर मुकादमाला विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.